लॅटिनचा हरवलेला सहावा काळ : प्राथमिक लॅटिन-शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

लॅटिन भाषेच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम दोन वस्तू पडतात. एक, क्रियापदाच्या रूपांचा तक्ता. आणि दुसरी, नित्य व्यवहारातील शब्दांची यादी. तक्ता पाठ करावयाचा आणि यादीही पाठ करावयाची, असा हा क्रम आहे. संस्कृतच्या विद्यार्थ्याला धातुरूपावली आणि अमरकोश यांचा जो अनुभव येतो, त्याहून तो फारसा वेगळा नाही. या दोन साधनांपैकी प्रत्येकाला दीड हजाराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. दोहोंचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. व्याकरणाचे इतिहासकार तक्त्याविषयी लिहितात, तर शिक्षणाचे इतिहासकार संवादपाठांविषयी व शब्दसंग्रहांविषयी लिहितात.

प्रस्तुत लेखात हे दोन्ही धागे एकत्र घेऊन एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लॅटिनमध्ये निश्चयार्थी क्रियापदाचे काळ सहा. तथापि युरोपात शतकानुशतके शाळांतून शिकविले गेले ते पाच. सहाव्याचे रूप भाषेत होते, ग्रंथांत होते, बोलण्यातही होते. परंतु तक्त्यात त्याला स्वतःचे स्थान नव्हते. हे कसे घडले, दैनंदिन शब्दांच्या पाठांनी ही उणीव का भरून काढली नाही, आणि मराठी भाषकाने लॅटिन शिकताना या इतिहासातून काय घ्यावे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. लॅटिन शब्द नागरी लिपीत देताना प्राचीन उच्चार शक्य तितका सांभाळला आहे.

२

मार्कुस तेरेन्तिउस वार्रो (इ. स. पू. ११६–२७) याने ‘दे लिंग्वा लातिना’ या नावाचा पंचवीस खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यापैकी पाच ते दहा हे सहा खंडच आज उपलब्ध आहेत, आणि तेही काही ठिकाणी खंडित. भाषेत नियम प्रबळ की अनियमितता प्रबळ, हा वाद त्या काळच्या विद्वानांत चालू होता. भाषा अनियमित आहे असे म्हणणारे लोक क्रियापदाची काही रूपे शेजारी शेजारी मांडून, ती परस्परांशी जुळत नाहीत असे दाखवीत. वार्रोने नवव्या खंडात त्यांना जे उत्तर दिले, त्याचे तात्पर्य असे, की ज्यांची तुलना करावयाची ती रूपे आधी एका जातीची असली पाहिजेत. तुम्ही दोन भिन्न रांगांतील रूपे एकत्र आणता आणि मग ती जुळत नाहीत अशी तक्रार करता. रांगा वेगळ्या ठेवा, म्हणजे प्रत्येक रांगेत नियम दिसेल.

या दोन रांगांना त्याने ‘इन्फेक्तुम्’ आणि ‘पेर्फेक्तुम्’, म्हणजे न संपलेले आणि संपलेले, अशा संज्ञा वापरल्या. उदाहरणादाखल त्याने ‘शिकणे’ या अर्थाचे क्रियापद घेतले, हा योगायोग शिक्षकाला सुखावणारा आहे. त्याची मांडणी मराठी अर्थासह अशी होईल :

न संपलेली क्रिया : दिस्केबम् (शिकत होतो), दिस्को (शिकतो, शिकत आहे), दिस्कम् (शिकेन).

संपलेली क्रिया : दिदिकेरम् (शिकलो होतो), दिदिकी (शिकलो, शिकलो आहे), दिदिकेरो (शिकलेला असेन).

प्रत्येक रांगेत भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ आहेत. पहिल्या रांगेत ‘दिस्क-’ हे अंग सर्वत्र दिसते, तर दुसऱ्या रांगेत ‘दिदिक-’ हे द्वित्वयुक्त अंग. संस्कृतच्या अभ्यासकाला येथे लिट् लकाराची ‘चकार’, ‘ददौ’ यांसारखी रूपे आठवल्यावाचून राहणार नाहीत. आणि हे साम्य वरवरचे नाही. ‘मी दिले’ या अर्थाचे लॅटिन ‘देदी’ आणि संस्कृत ‘ददे’ यांचे मूळ एकच मानले जाते. लॅटिनच्या या दुसऱ्या रांगेत मूळ आर्यभारोपीय भाषेतील दोन स्वतंत्र गट मिसळून गेले आहेत. एक लिट्‌सारखा, आणि दुसरा ‘स’कारयुक्त लुङ्‌सारखा. ‘मी म्हणालो’ या अर्थाच्या ‘दीक्सी’ या रूपातील ‘स’ हा त्या दुसऱ्या गटाची खूण होय. म्हणूनच ‘दिदिकी’चा अर्थ कधी ‘शिकलो’ असा, तर कधी ‘शिकलो आहे’ असा होतो.

वार्रोच्या मांडणीचे वैशिष्ट्य असे, की तीत काळ आणि क्रियाव्याप्ती या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवल्या आहेत. क्रिया केव्हा घडली हा एक प्रश्न, आणि ती पुरी झाली की चालू होती हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून सहा खणांचा चौकोनी तक्ता आपोआप तयार होतो.

३

वार्रोनंतर सुमारे चार शतकांनी, इ. स. च्या चौथ्या शतकाच्या मध्यास, रोममध्ये एलिउस दोनातुस हा व्याकरणाचा अध्यापक होऊन गेला. बायबलचा लॅटिन अनुवादक म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेला जेरोम हा त्याचा शिष्य. दोनातुसने बालविद्यार्थ्यांसाठी ‘आर्स मिनोर’ ही लहानशी पुस्तिका लिहिली. ती प्रश्नोत्तररूप आहे. शब्दांच्या जाती किती, त्या कोणत्या, क्रियापदाचे काळ किती, ते कोणते, असे प्रश्न आणि त्यांची तुटक उत्तरे. आपल्या शालेय व्याकरणांतील प्रश्नोत्तरे पाठ केलेल्या वाचकाला ही पद्धत मुळीच परकी वाटणार नाही.

दोनातुसने नमुन्यासाठी ‘लेगो’ (मी वाचतो) हे क्रियापद घेतले. तत्त्वतः काळ तीन, परंतु रूपे चालविताना पाच, असे तो सांगतो : वर्तमान ‘लेगो’, अपूर्ण भूत ‘लेगेबम्’, पूर्ण भूत ‘लेगी’, पूर्णाहून अधिक पूर्ण असा भूत ‘लेगेरम्’, आणि भविष्य ‘लेगम्’. येथे वार्रोच्या दोन रांगा नाहीशा झाल्या असून एक सरळ ओळ तेवढी राहिली आहे. पूर्ण आणि अपूर्ण हे शब्द कायम आहेत. पण आता ते भूतकाळाचे पोटभेद झाले आहेत. ‘प्लुस्क्वाम्पेर्फेक्तुम्’ या संज्ञेतच, पूर्णत्वाला जणू अंश असतात आणि भूतकाळात मागे मागे जावे तसतसे ते वाढत जातात, अशी कल्पना सूचित होते.

आणि ‘लेगेरो’? वार्रोच्या ‘दिदिकेरो’च्या जागी बसणारे हे रूप दोनातुसच्या पुस्तिकेत आहे, परंतु निश्चयार्थात नाही. संकेतार्थाच्या भविष्यकाळात, ‘कुम्’ (जेव्हा) या अव्ययाच्या सोबतीने ते येते.

या स्थानांतराची कारणे शोधणे कठीण नाही. पहिले कारण रूपसाम्याचे. निश्चयार्थी ‘लेगेरो’ आणि संकेतार्थी पूर्णकाळाचे ‘लेगेरिम्’ ही दोन्ही प्रथमपुरुषी एकवचनात भिन्न आहेत. इतर सर्व पुरुषवचनांत त्यांचे लेखन एकच होते, आणि जो स्वरदीर्घत्वाचा भेद मूळचा होता तोही फार लवकर अस्पष्ट झाला. दुसरे कारण प्रयोगाचे. हे रूप बहुधा ‘जर’ किंवा ‘जेव्हा’ने आरंभ होणाऱ्या गौण वाक्यांत येते. तिसरे कारण परंपरेचे. दिओनिसिओस थ्राक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात भूतकाळाचे चार भेद सांगितले असून भविष्याचा एकच आहे. रोमन वैयाकरणांच्या डोळ्यांपुढे ग्रीक व्याकरणाचा नमुना असे, आणि त्यात भविष्याच्या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र जागा नव्हती.

दोनातुसच्या पुस्तिकेचे यश असामान्य होते. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये त्याच्या नावावरून प्राथमिक पुस्तकालाच ‘दोनेत’ किंवा ‘दोनात’ म्हणण्याची रूढी पडली. पंधराव्या शतकात माइन्त्स येथे मुद्रणकला सुरू झाली, तेव्हा अगदी आरंभी छापल्या गेलेल्या पुस्तकांत ‘आर्स मिनोर’च्या आवृत्त्या होत्या. त्या आज मुख्यतः चर्मपत्रांच्या तुकड्यांच्या रूपानेच उरल्या आहेत. मुलांनी हाताळून जीर्ण केलेली ही पाने पुढे इतर ग्रंथांच्या बांधणीत वापरली गेली, आणि म्हणूनच वाचली.

४

तक्त्याच्या बरोबरीने दुसरी एक परंपरा चालू होती. साम्राज्याच्या पूर्व भागात ग्रीक भाषा रूढ होती. तथापि कायदा आणि सैन्य यांची भाषा लॅटिन असल्यामुळे तेथील मुलांना ती शिकावी लागे. अशा विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणारी जी द्विभाषिक पुस्तके मध्ययुगीन हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, त्यांना ‘हेर्मेनेउमाता’ असे सामान्य नाव आहे. गेओर्ग गोएत्स याने ती १८९२ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांतील संवादपाठांची नवी चिकित्सक आवृत्ती एलिनॉर डिकी या विदुषीने २०१२ आणि २०१५ मध्ये दोन खंडांत काढली आहे.

या पुस्तकांत विषयवार शब्दसंग्रह आहेत. देवता, आकाशस्थ ज्योती, शरीराचे अवयव, खाद्यपदार्थ, वस्त्रे, जनावरे असे त्यांचे वर्ग पाडलेले असून अमरकोशातील वर्गांशी त्यांचे साम्य सहज नजरेत भरते. त्यांच्याबरोबर लहान लहान संवादपाठ आहेत. पानावर दोन अरुंद स्तंभ. एकात ग्रीक, दुसऱ्यात लॅटिन. ओळीत एक ते तीन शब्द. शाळकरी मुलगा आपली दिनचर्या सांगतो. तो पहाटे जागा होतो, पायांत जोडे घालतो, पाणी मागतो, हात व तोंड धुतो, अंगरखा चढवितो, शाळेत जाऊन गुरुजींना अभिवादन करतो, पाटी घेऊन लिहितो आणि दुपारी जेवावयास घरी परततो. अन्य पाठांत स्नानगृह, बाजार आणि मेजवानी यांतील बोलणे येते.

या पाठांतील क्रियापदे ध्यानपूर्वक पाहिली पाहिजेत. मुलगा दिवस सांगतो तो बहुतांशी पूर्ण रांगेतील प्रथमपुरुषी रूपांत : ‘सुर्रेक्सी’ (उठलो), ‘अक्केपी’ (घेतले), ‘लावी’ (धुतले). मध्येच वर्तमानकाळ डोकावतो आणि नोकराशी बोलताना आज्ञार्थ येतो. म्हणजे तक्त्यात ज्याला तिसरे स्थान आहे ते रूप येथे आरंभीच आणि सर्वाधिक वेळा भेटते. एक कृती संपली की दुसरी, असा दिवसाचा क्रम पूर्ण रांगेशिवाय सांगताच येत नाही. विद्यार्थ्याला संज्ञा ठाऊक नसली तरी संपलेल्या क्रियेची जाणीव त्याच्या कानांवर पडत राहते. तथापि या पाठांत स्पष्टीकरण नाही. तक्ता नियम सांगतो पण जीवन दाखवीत नाही. दिनचर्या जीवन दाखविते पण नियम सांगत नाही. दोहोंची गाठ शिक्षकाने घालावयाची असे, आणि ती तो घालीत असे की नाही हे सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून होते.

५

ही गाठ घालण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न इंग्लंडात झाला. एलफ्रिक (सुमारे ९५५–१०१०) या मठवासी पंडिताने इ. स. १००० च्या सुमारास प्राचीन इंग्रजीत लॅटिनचे व्याकरण लिहिले. युरोपातील एखाद्या देशी भाषेत लिहिलेले हे लॅटिनचे पहिले व्याकरण मानतात. त्याला जोडून त्याने विषयवार शब्दसंग्रह दिला, आणि एक संवादपाठही रचला. त्यात नांगऱ्या, मेंढपाळ, शिकारी, कोळी, व्यापारी, चांभार, स्वयंपाकी अशी सोंगे घेऊन विद्यार्थी गुरूच्या प्रश्नांना उत्तरे देतात.

एलफ्रिकपुढील अडचण खरोखर भाषाशास्त्रीय होती. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाचे प्रत्ययसिद्ध काळ दोनच : वर्तमान आणि भूत. लॅटिनचे तीन भूतकाळ तीत कसे उतरवावयाचे? त्याने ‘उभे राहणे’ हे क्रियापद घेतले. अपूर्ण भूतासाठी त्याने नुसते साधे भूताचे रूप दिले. पूर्ण भूतासाठी त्याच रूपाला ‘पूर्णपणे’ या अर्थाचे क्रियाविशेषण जोडले. आणि तिसऱ्यासाठी ‘फार पूर्वी’ या अर्थाचे. अपूर्ण म्हणजे आरंभलेले पण शेवटास न गेलेले, असा खुलासाही त्याने केला आहे. हे वाचताना असे दिसते, की दोनातुसच्या ओळीतील संज्ञा स्वीकारूनही एलफ्रिकचे लक्ष क्रिया पुरी झाली की नाही याकडे गेले होते. मात्र तिसऱ्या रूपापाशी येताच तो पुन्हा काळाच्या अंतराकडे वळला. परभाषेचा तक्ता आपल्या भाषेत उतरविताना त्यातील दोष आपोआप उघडे पडतात, हा यातून मिळणारा धडा आहे. त्याच्या संवादपाठात मात्र ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न मुख्य असल्याने वर्तमानकाळाचेच प्राबल्य आहे.

सतराव्या शतकात कोमेनिउसने शब्दशिक्षणाला नवे वळण दिले. त्याच्या १६३१ च्या ‘यानुआ लिंग्वारुम् रेसेराता’ या ग्रंथात सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफलेले आहेत. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ओर्बिस सेन्सुआलिउम् पिक्तुस’मध्ये दीडशे चित्रे असून चित्रातील वस्तूला जो क्रमांक, तोच बाजूच्या लॅटिन व जर्मन शब्दाला. शब्द आणि वस्तू यांची अशी प्रत्यक्ष जोड घालण्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु चित्रात जे दिसते ते आता दिसते. त्यामुळे वाक्येही मुख्यतः वर्तमानकाळात येतात. चित्राने नामे शिकविली, मात्र काळ शिकविण्याचे काम पुन्हा तक्त्याकडेच राहिले.

६

हाच तक्ता समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यालाही लागला. पोर्तुगीज जेझुइट मानुएल आल्वारिश याचे लॅटिन व्याकरण १५७२ मध्ये लिस्बन येथे छापले गेले, आणि १५९९ च्या शिक्षणसंहितेने त्याला जेझुइट शाळांत मानाचे स्थान दिले. १५९४ मध्ये जपानातील अमाकुसा येथे त्याची जी आवृत्ती निघाली तीत लॅटिन रूपांसोबत जपानी रूपेही होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याच परंपरेत शिकलेला. ख्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून मराठी वाचकास तो परिचित आहेच. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण, ‘आर्ते द लिंग्वा कानारी’, हे त्याच्या मृत्यूनंतर, इतरांच्या भरीसह, १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे कुन्या रिव्हारा यांनी १८५७ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले. लॅटिन व्याकरणाची विभक्ती-काळांची चौकट पोर्तुगीज भाषेतून कोकणीला लावण्याचा तो उपक्रम होता. त्यामागील श्रम आणि भाषाप्रेम यांविषयी आदर बाळगूनही एवढे म्हटले पाहिजे, की आपल्या भाषांच्या क्रियापदांतील काही गोष्टींना त्या चौकटीत मुळातच खण नाही. ‘मी ग्रंथ वाचला’ आणि ‘मी पोथी वाचली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते. लॅटिनचे ‘लेगी’ मात्र कर्म कोणतेही असो, कर्त्यालाच धरून राहते.

७

आता मूळ प्रश्नाकडे परत यावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकातील शालेय व्याकरणांत, उदाहरणार्थ केनेडीच्या १८८८ च्या प्रसिद्ध प्रवेशिकेत, सहावा काळ निश्चयार्थात परत आलेला दिसतो. तथापि तो भविष्याचा एक दुर्मिळ पोटभेद म्हणून येतो, आणि विद्यार्थी त्याला सर्वांत शेवटी, नाइलाजाने पाठ करतो. मराठी विद्यार्थ्यालाही तो बहुधा इंग्रजी अनुवादाच्या वळशाने शिकविला जातो. प्रस्तुत लेखकही तसाच शिकला. वस्तुतः या वळशाची आवश्यकता नाही.

प्रथम रूपांकडे पाहू. ‘एरम्’ म्हणजे ‘होतो’, ‘एरो’ म्हणजे ‘असेन’. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी ‘लेगेरम्’ आणि ‘लेगेरो’ यांच्या शेवटी हेच ध्वनी ऐकू येतात, आणि मराठीतही आपण ‘वाचले होते’, ‘वाचलेले असेल’ अशीच जुळणी करतो. ‘लेगेबम्’मधील ‘ब’ हा संस्कृत ‘भू’ धातूच्या सजातीय मूळापासून आला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात; म्हणजे ‘वाचत होतो’ याचीच ती घट्ट झालेली प्रतिकृती. शिवाय हे एकच रूप ‘वाचत होतो’ आणि ‘वाचत असे’ या दोन्हींचे काम करते, हेही मराठी विद्यार्थ्यास लवकर सांगावे.

अर्थाच्या बाबतीत तर मराठी भाषक अधिक भाग्यवान आहे. आपण म्हणतो, ‘तो आला की मी जाईन.’ येथे ‘आला’ हे रूप भूतकाळाचे, परंतु येणे अजून व्हावयाचे आहे. घरातून हाक आली की आपण जागेवरून न उठताच ‘हा आलोच’ असे उत्तर देतो. या ठिकाणी ‘-ला’ प्रत्ययाने गतकाळ सांगितला जात नाही. क्रियेची पूर्णता सांगितली जाते. ‘तू हे वाचलेस की मला सांग’ या वाक्यातील ‘वाचलेस’ हाच लॅटिनमधील ‘लेगेरिस’. ज्या वाक्यरचनेमुळे रोमन वैयाकरणांनी हे रूप निश्चयार्थातून काढले, ती ‘जेव्हा’ची रचना मराठी मुलाच्या तोंडी रोज असते, आणि तीत तो निश्चयार्थाचेच रूप निःशंकपणे वापरतो.

यावरून वार्रोच्या मांडणीला मराठीचा आधार मिळतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. पूर्णता ही भूतकाळाची बटीक नव्हे, हे तत्त्व त्याने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितले. आपली भाषा ते दररोज आचरणात आणते. आपल्या शालेय व्याकरणातही साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे भेद तिन्ही काळांत मांडलेले असतात, म्हणजे कोष्टक वार्रोच्या जातीचे आहे. मात्र ते शिकविण्याची पद्धत दोनातुसची आहे : किती, कोणते, आणि पाठांतर. त्यामुळे परीक्षेत ‘पूर्ण भविष्यकाळ’ अचूक ओळखणारा विद्यार्थी ‘तो आला की’ या वाक्यातील ‘आला’ला बेधडक भूतकाळ म्हणतो, आणि त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे त्याला वाटतही नाही.

पाठांतराला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. रूपे तोंडपाठ असल्यावाचून कोणतीही अभिजात भाषा हाती लागत नाही. सूचना एवढीच, की मराठी विद्यार्थ्याला लॅटिनचा पहिला तक्ता देताना तो ओळीत न देता दोन रांगांत द्यावा; आणि त्याच दिवशी उठणे, धुणे, खाणे, वाचणे, जाणे अशा पाच-सात नित्याच्या क्रियापदांनी स्वतःची दिनचर्या त्याला तीन प्रकारांनी सांगावयास लावावी. रोज काय करतो, आज काय केले, आणि हे झाले की काय करीन. तिसऱ्या प्रकारात सहावा काळ आपण होऊन येईल, आणि तो आला की त्याचे नाव काय ठेवावे हा प्रश्न मागाहून सोडविता येईल.